शाळेच्या बाजूचा वारा

उन्हाळा लागला तसा वारा फिरला. एरवी खाणीवरून माळाकडे निघून जाणारा वारा आता दुपारभर शाळेकडे वाहायचा आणि क्रशरची धूळ सोबत घेऊन यायचा. तसा तो दरवर्षीच फिरायचा, पण दरवर्षी मशीनवर पाणी मारलं जायचं. यंदा खाणीच्या तळातलं डबकं आटलं. पाणी विकत आणायला लागू नये म्हणून मालकाने टँकरच बंद केला आणि दगड कोरडाच जबड्यात जाऊ लागला.

जबडा म्हणजे क्रशरचं तोंड. वरून डंपर दगड ओतायचा, दोन लोखंडी प्लेटा तो चावायच्या, खाली पट्ट्यावर खडी पडायची. जबड्याच्या काठावर पहार घेऊन जो उभा असायचा तो ऑपरेटर. दगड आडवा अडकला की वाकून, पहारीने हिसका देऊन तो सरळ करायचा. वाकलं की धूळ थेट तोंडावर. नाकाला बांधलेलं फडकं दुपारपर्यंत पिठाच्या पिशवीसारखं व्हायचं. ते दगडावर आपटायचं, उलटं करायचं, पुन्हा बांधायचं.

ऑपरेटरची बायको शाळेत मदतनीस होती. खोल्या झाडायच्या, बाकं पुसायची, दुपारी मुलांना जेवण वाढायचं, भांडी घासायची. मुलं तिला मावशी म्हणायची. वस्तीत ती भिंगरीची आई. भिंगरी म्हणजे त्यांची एकुलती एक. चालायला लागली ती एकदम पळायलाच लागली, म्हणून ते नाव पडलं आणि हजेरीतलं नाव मास्तरांशिवाय कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

"तुम्ही धाडता, मी पुसते," भिंगरीची आई नवऱ्याला म्हणायची. "मालकाने मलाही पगार द्यायला हवा."

पूर्वी तो यावर हसायचा. यंदा हसण्यासारखं राहिलं नव्हतं. सकाळी पुसलेल्या बाकावर पहिल्या तासाला मुलं बोटाने चित्रं काढायची. फळ्यावर खडू उमटेना. वरणभांड्यावरचं झाकण क्षणभर काढलं तरी वर साय धरल्यासारखा करडा थर यायचा. आणि मुलं खोकायची. एकाने सुरुवात केली की खोकला रांगेरांगेने पुढे सरकायचा, मग मोठ्या बाई शिकवणं थांबवून खिडकीकडे बघत उभ्या राहायच्या.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. बुटक्या, चालणं भरभर, आवाज खणखणीत.

त्या आठवड्यात शर्यतीसाठी मुलं निवडायची होती. भिंगरी निवडली जाणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. खेळाच्या सरांनी शिट्टी फुंकली आणि ती नेहमीसारखी पुढे गेली. पहिली फेरी पुढेच होती. दुसऱ्या फेरीत मागच्या मुलींनी तिला गाठलं. तिसऱ्या फेरीत ती मैदानाच्या कडेला थांबली, गुडघ्यांवर हात टेकले आणि तशीच खाली बसली.

"ऊठ गं, नाटकं नकोत," सर ओरडले.

ती उठली नाही. सर जवळ गेले. तिच्या गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता, फासळ्यांमधली कातडी आत जात होती आणि ओठ जांभळट दिसत होते. सरांनी तिला उचललं आणि पळत सुटले. भिंगरीची आई भांडी घासत होती. हाताला राख तशीच, ती त्यांच्या मागे धावली, आणि तिच्या पाठोपाठ मोठ्या बाई.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडाला वाफेचा मास्क लावला. बऱ्याच वेळाने पोरीच्या ओठांना रंग आला.

"घरी कोणी बिडी ओढतं?" त्यांनी विचारलं.

"नाही बाई."

"चूल?"

"गॅस आहे."

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीच्या आईकडे पाहिलं. तिच्या केसांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर करडी धूळ होती. मग मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्याही तशाच. खेळाचे सरही.

"मला तुमच्या शाळेतली सगळी मुलं तपासायची आहेत," त्या म्हणाल्या.

त्या आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत प्लॅस्टिकची एक नळी होती. एका टोकाला तोंड लावून जोरात फुंकायचं, की वरचा काटा आकड्यांवर सरकायचा. मुलांना तो खेळ वाटला. कुणाचा काटा लांब जातो म्हणून धक्काबुक्की झाली. डॉक्टरीणबाई मात्र हसत नव्हत्या. निम्म्या मुलांचा काटा जिथे जायला हवा त्याच्या अलीकडेच थांबत होता. भिंगरीचा तर फारच अलीकडे.

त्या दिवसापासून शाळेचं रूपच पालटलं. खेळ सकाळी, वारा पडलेला असताना. झाडणं बंद, नुसतं ओलं फडकं. मुलांनी घरून जुनी गोणपाटं आणली, भिंगरीच्या आईने ती जोडून शिवली आणि खिडक्यांवर टांगली. हात धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं आणि त्याने गोणपाटं भिजवायची. पाण्याची तंगी, त्यामुळे दुपारपर्यंत ती वाळून कडक व्हायची. खोल्यांत अंधार आणि उकाडा. भिंगरीसाठी औषध तोंडात ओढायचे दोन पंप मिळाले होते. एक घरी, एक मोठ्या बाईंच्या कपाटात. कोणत्या मुलाला धाप लागली तर काय करायचं हे त्यांनी चौथीच्या पोरांनासुद्धा शिकवून ठेवलं होतं.

"पण हे सगळं फुटक्या माठाच्या भोकाला बोट लावून बसण्यासारखं आहे," एक दिवस त्या भिंगरीच्या आईला म्हणाल्या आणि पर्स उचलून थेट खाणीवर गेल्या.

मालकाच्या केबिनला काच होती आणि आत गार हवेचं मशीन होतं. बाईंनी दोनच गोष्टी मागितल्या. दगडावर पाणी मारा, आणि शाळेच्या वेळात क्रशर बंद ठेवा. मालकाने त्यांना सरबत पाजलं. म्हणाला, "बाई, शाळेच्या वेळात मशीन बंद ठेवायचं तर मी ते कायमचंच बंद करतो. मग तुमच्याच पोरांचे बाप घरी बसतील. त्यांना तुम्ही समजवा."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वस्तीभर झाली, आणि नळावर भिंगरीच्या आईची कळशी मागे सरकवली गेली.

"आमची पोरं नाही का खोकत?" डंपरवाल्याची बायको म्हणाली. "खोकला काय, येतो न जातो. तुझ्या एका पोरीपायी सगळ्यांच्या चुली विझवणार का?"

"मी कुठे काय म्हणाले?"

"तू नाही, तुझ्या बाई म्हणाल्या. चढवलंय कुणी त्यांना?"

तिने कळशी रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. कळशी भरायला अंधार झाला.

घरी ऑपरेटर बनियनवर ओट्यावर बसला होता. पाठीवर घाम आणि धुळीचा चिखल वाळून भेगाळला होता. आत खाटेवर त्याचा थोरला भाऊ भिंतीला टेकून बसला होता. दादा. आडवं झालं की त्याचा श्वास कोंडायचा, म्हणून तो रात्रंदिवस बसलेलाच असायचा. लग्न केलं नव्हतं. भिंगरी त्याला मोठे बाबा म्हणायची, आणि शाळेतून आली की पहिलं त्याच्या खाटेवर चढून दिवसभराचं सगळं सांगायची.

"तुझ्या बाईंना सांग, जरा दमानं घ्या," ऑपरेटर म्हणाला. "आज मालक माझ्याकडे बघून बघून बोलत होता."

"तुमच्या पोरीला दम लागलाय, आणि दमानं कुणी घ्यायचं?"

"मग काय करू? पहार टाकून घरी येऊ? तुझ्या मदतनिसाच्या पगारात चार माणसं जगव."

"मी तसं म्हटलंय का?"

"मग काय म्हणतेस?"

ती उठली आणि सकाळी पुसलेली फडताळं पुन्हा पुसू लागली. तिचा हात थांबेना. ऑपरेटरही उठला, आत आला, बाहेर गेला, पुन्हा आत आला.

मोठ्या बाईंनी पालकांची सभा बोलावली. सभेच्या आदल्या दिवशी मालकाने ऑपरेटरला केबिनमध्ये घेतलं. बसायला सांगितलं. इतक्या वर्षांत तो त्या केबिनमध्ये कधी बसला नव्हता. गार हवेने त्याचा घाम अंगावरच थिजला आणि खुर्चीला धूळ लागू नये म्हणून तो टोकावर अवघडून राहिला.

"तुझ्या भावाला दमा आहे ना रे?"

"आहे."

"म्हणजे घराण्यातच आहे. तेवढंच उद्या सांग. खोटं बोल म्हणत नाही मी. आहे तेच सांगायचं."

"पण मालक, दादा इथेच जबड्यावर..."

"इथे तर मीही असतो. मला आहे दमा?" मालक हसला. "पुढच्या महिन्यात नवीन मशीन येतंय. त्यावर तूच हेड. आता जा, पट्टा रिकामा चाललाय."

सभेला शाळेचं अंगण भरलं. मालक पुढे खुर्चीवर बसला होता. शाळेला काचेच्या खिडक्या आणि पंखे देतो, असं त्याने जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "खिडक्या लावून मुलं आत कोंडायची का? त्यांनी मैदानावर यायचंच नाही?" डॉक्टरीणबाईंनी काट्याची गोष्ट सांगितली. लोक चुळबुळत होते.

मालकाने मागे वळून न बघताच म्हटलं, "ज्या पोरीवरून हे सगळं चाललंय तिचा बाप इथेच आहे. त्यालाच विचारा ना."

ऑपरेटर उभा राहिला. बायको स्वयंपाकखोलीच्या दारात होती. मुली सगळ्यांना पाणी देत फिरत होत्या, त्यांत भिंगरी होती, हातात ग्लासांचा ट्रे घेऊन.

"आमच्या घरातच आहे तो," ऑपरेटर म्हणाला. "दमा. माझ्या भावालाही आहे. तिच्यात तिकडूनच आला असेल."

"ऐकलंत?" मालक म्हणाला.

ऑपरेटर खाली बसला. ट्रेमधले ग्लास एकमेकांवर किणकिणले. मोठ्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या पेनाचं टोपण लावलं आणि सभा संपली म्हणून सांगितलं.

ऑपरेटर घरी आला तेव्हा भिंगरीच्या आईने ताट त्याच्यासमोर ठेवलं आणि पाठ करून बसली. भिंगरी आज दादाच्या खाटेवर चढली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"ये की," दादा म्हणाला. "आज काय झालं शाळेत?"

"मोठे बाबा, मला तुमच्यामुळे झालं का?"

"काय?"

"दमा. बाबांनी सांगितलं सगळ्यांना."

दादाने भावाकडे पाहिलं. ऑपरेटरचा घास हातातच राहिला. दादाच्या छातीत शिट्टी वाजू लागली. त्याला काही बोलायचं होतं, पण शब्दाच्या आधी खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. भिंगरीची आई पाणी घेऊन धावली. खोकला थांबल्यावर त्याने तोंड पुसलं, भिंतीकडे मान वळवली आणि डोळे मिटले. भिंगरी आईजवळ जाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी जबड्याच्या झिजलेल्या प्लेटा बदलायच्या होत्या. कामाला फिटर लागले होते, मशीन बंद. बाकीची माणसं शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर बसली होती. सगळ्यांच्या तोंडी नवीन मशीनची चर्चा होती आणि कुणी कुणी ऑपरेटरला हेडसाहेब म्हणून चिडवत होतं. एका बाकावरून उठून तो दुसऱ्यावर बसत होता.

तेवढ्यात डंपरवाला म्हणाला, "अरे, तो तुझा दादा ना?"

दादाच होता. काठी टेकत रस्त्याने येत होता. थोडं चालायचा, थांबायचा, काठीवर दोन्ही हात ठेवून तोंड उघडं टाकायचा, पुन्हा चालायचा. किती दिवसांनी तो घराबाहेर पडला होता ते ऑपरेटरलाही आठवेना. तो धावत गेला.

"दादा, कुठे निघालास?"

"शाळेत."

"शाळेत कशाला?"

"नाव घालायला," दादा म्हणाला. टपरीवरची माणसं हसली. दादाही हसला असता, पण त्याला श्वास पुरला नाही.

तो शाळेच्या फाटकात शिरला. त्या दिवशी डॉक्टरीणबाई मुलांना पुन्हा तपासायला आल्या होत्या. वऱ्हांड्यात मुलांची रांग होती. काहीतरी गंमत आहे असं वाटून टपरीवरची माणसंही मागोमाग अंगणात आली. दादा पहिलीच्या बुटक्या बाकावर बसला. त्याचे गुडघे छातीपर्यंत आले.

"ती नळी द्या," तो म्हणाला.

"काका, ही मुलांसाठी आहे. तुम्ही दवाखान्यात या, मी नीट..."

"मलाही पोरगंच समजा."

डॉक्टरीणबाईंनी नळीचं तोंड बदललं आणि ती त्याच्या हातात दिली. दादाने फुंकलं. काटा हलला न हलला. त्याने श्वास गोळा केला आणि पुन्हा फुंकलं. काटा होता तिथेच. पहिलीतली एक मुलगी खुदकन हसली, मग कुणी हसत नाही असं बघून गप्प झाली.

"मी जबड्यावर होतो," दादा म्हणाला. एकेक शब्द तोडून. "सगळ्यांना ठाऊक आहे. विसरायचं ठरवलं असेल तर... वेगळं." त्याने डंपरवाल्याकडे नळी धरली. "तू फुंक. तुझं घराणं तर पैलवानाचं."

डंपरवाला दांडगा गडी. त्याने दंड थोपटले, पोरं हसली, त्याने गाल फुगवून फुंकलं. काटा चौथीतल्या पोरांच्या खुणेपाशी थांबला.

"नळी खराब आहे," तो म्हणाला.

"पुन्हा फुंका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा फुंकलं. मग तिसऱ्यांदा. आता तो मस्करी करत नव्हता. "तुमच्या वयाला काटा इथे यायला हवा," असं म्हणत त्यांनी नळीच्या पार वरच्या टोकाला बोट ठेवलं. पट्ट्यावरचा माणूस पुढे आला. खडीच्या चाळणीवरचा आला. ज्याला त्याला वाटत होतं की आपलं तरी वर जाईल. कोणाचंच जात नव्हतं. अंगणातला गलका कमी कमी होत गेला आणि प्रत्येक फुंकरीनंतर नुसता खोकला ऐकू येऊ लागला. मुलं आपापल्या बापांकडे बघत होती.

ऑपरेटर फाटकाला टेकून उभा होता. नळी घेऊन भिंगरी त्याच्याकडे आली.

"ओठ घट्ट धरायचे, बाबा. मोठ्ठा श्वास घ्यायचा आणि एकदम सोडायचा."

त्याने नळी घेतली. तोंडाला लावली आणि खाली केली. पुन्हा लावली. फुंकलं. भिंगरीने वाकून आकडा पाहिला. तिच्या स्वतःच्या आकड्याच्या जरासा वर.

"चांगला आहे का?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. सगळे बघत होते. बायको स्वयंपाकखोलीच्या दारात तशीच उभी होती.

"काल मी बोललो ते खोटं होतं," तो म्हणाला. "मोठ्या बाबांमुळे तुला काही झालेलं नाही. मोठ्या बाबांना जबड्याने झालं. तुलाही तीच धूळ. मी पाठवतो ती."

भिंगरीने मान हलवली. मग नळी घेऊन ती दादाच्या बाकाकडे गेली आणि त्याच्या शेजारी, उरलेल्या इवल्याशा जागेत, दाटीवाटीने बसली.

दुपारी प्लेटा बसल्या. फिटरने बटण दाबायला सांगितलं. ऑपरेटरने पहार उचलली नाही. डंपरवाल्याने डंपर चालू केला नाही. मालक केबिनमधून बाहेर आला, आधी ओरडला, मग एकेकाला बाजूला घेऊन समजावू लागला. संध्याकाळपर्यंत मशीन बंदच राहिलं. पुढचे दिवस फार वाईट गेले. माणसं वस्तीत रिकामी भटकायची, क्षुल्लक गोष्टींवरून भांडायची. डंपरवाल्याच्या घरातून बायकोचा आवाज बाहेर यायचा. दोघे तर निम्म्यातून फुटले, कामावर येतो म्हणून मालकाकडे जाऊन आले. पण दोघांवर मशीन चालेना. मोठ्या बाईंनी शाळेतलं उरलेलं जेवण डब्यांत भरून मुलांच्या हाती घरी पाठवलं. याबद्दल वरून बोलणी खावी लागली तर मी खाईन, असं त्या भिंगरीच्या आईला म्हणाल्या.

शेवटी मालकालाच खडी पोचवायची घाई होती. त्याने दोन्ही गोष्टी मान्य केल्या. पहाटेपासून शाळा भरेपर्यंत आणि शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत मशीन चालणार, पाण्याचा टँकर रोज येणार. दिवसाचे दोन तुकडे झाले. मधल्या वेळात घरी जावं तर उन्हातून जाणं-येणं, न जावं तर खाणीच्या कपारीत पडून राहणं. पगार कापला गेला तो गेलाच.

ऑपरेटरला मात्र त्याने जबड्यावर घेतलं नाही.

"तुझी छाती नाजूक आहे म्हणे," सगळ्यांसमोर तो म्हणाला. "मग तू पाण्याचा पाईप धर."

पाईप धरणं हे म्हाताऱ्यांचं काम. जबड्यावर नवीन पोरगा उभा राहिला. त्याला पहार नीट धरता येत नव्हती. ऑपरेटरने त्याला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग न राहवून सांगितलंच, की आधी नाकाला ओलं फडकं बांध.

दादाला डॉक्टरीणबाईंनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं होतं. तिथे छातीचे फोटो काढले आणि जे गेलं ते परत येत नाही असं सांगितलं. तो पुन्हा खाटेवर, भिंतीला टेकून. भिंगरीला शर्यतीत घेतलं नाही. खेळाच्या सरांनी तिच्या हातात शिट्टी दिली आणि छोट्यांना सकाळचा व्यायाम घ्यायला लावला. पहिल्या दिवशी ती रुसली, दुसऱ्या दिवशी छोट्यांवर खेकसू लागली.

"आता पुसायला कमी पडतं," भिंगरीची आई एवढंच म्हणाली. नवऱ्याचा डबा बांधताना तिने त्यात स्वतःच्या वाटणीतलंही घातलं.

नव्या वेळेच्या त्या पहिल्याच दिवसाची गोष्ट. शाळेची घंटा झाली आणि जबड्यावरच्या पोराने बटण बंद केलं. जबडा धडधडत थांबला, पट्टा थांबला, चाळण थोडी थरथरली आणि थांबली. माणसं पांगली. ऑपरेटर पाईप हातात धरून तसाच उभा राहिला. इतकी वर्षं तो इथे होता, पण शाळा त्याला कधी ऐकू आली नव्हती. आता आली. पाढे म्हणणारी मुलं, मोठ्या बाईंचा खणखणीत आवाज, एक बाक ओढल्याचा कर्र आवाज. आणि मधूनमधून खोकला. एक थांबला की दुसरीकडून. त्यातला भिंगरीचा कोणता ते तो ओळखू बघत होता. त्याला ओळखता येईना. सगळे सारखेच.

वारा अजून शाळेच्या बाजूलाच होता. कचेच्या, दगडाच्या बारीक चुऱ्याच्या, मोठ्या ढिगाच्या टोकावरून धुळीची एक बारीक रेघ उठत होती आणि तिकडे निघाली होती. मशीन बंद असताना पाणी मारायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो टँकरपाशी गेला, चावी सोडली, पाईप खांद्यावर घेतला आणि ढिगावर चढू लागला. अर्ध्यात त्याला धाप लागली. तो थांबला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, श्वास घेतला आणि पुन्हा चढू लागला.